परत येणे वेगळे, ओढीने परत येणे वेगळे

सहावीच्या विज्ञानात गतीचे प्रकार येतात: रेषीय, वर्तुळाकार, आंदोलित, नियतकालिक, यादृच्छिक. झोका आंदोलित, घड्याळाचा काटा नियतकालिक, फुलपाखरू यादृच्छिक अशा जोड्या लावून मुले मोकळी होतात. मग सहा वर्षे जातात आणि बारावीच्या भौतिकशास्त्रात ‘ऑसिलेशन्स’ हे प्रकरण समोर येते. तोवर माध्यम बदललेले असते, पुस्तक जाड झालेले असते आणि परीक्षा जवळ आलेली असते. त्या घाईत एक वाक्य सगळेच पाठ करतात: प्रत्येक सरल हरात्मक गती नियतकालिक असते, पण प्रत्येक नियतकालिक गती सरल हरात्मक नसते. हे वाक्य न येणारा विद्यार्थी सापडणे अवघड आहे. ते खरे का आहे, हे दोन उदाहरणांनिशी पटवून देणाराही तितकाच अवघड.

ही पुस्तिका त्या ‘का’साठी आहे. ती राणीसावरगावात बसून लिहिली, त्यामुळे तिच्यातली उदाहरणे इथली आहेत. गोदाकाठच्या गंगाखेडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या अंगाला असलेले हे गाव रेणुकादेवीसाठी ओळखले जाते. देवळातली घंटा, पंचमीचा झोका, घरातले जाते, विहिरीवरचे इंजिन, मिरवणुकीतली हलगी यांतले काहीच इथल्या वाचकाला परके नाही. या साऱ्या वस्तू पुन्हापुन्हा त्याच जागी येतात. मात्र त्यांचे परत येणे एकाच प्रकारचे नसते. ते कुठे आणि कसे वेगळे होते, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत फक्त दिशा दाखवतो.

आधी नियतकालिक गती. ठरावीक वेळानंतर वस्तू पुन्हा त्याच स्थितीत येते आणि त्याच वेगाने, त्याच दिशेने पुढे निघते, तेव्हा तिची गती नियतकालिक. व्याख्या इथेच संपते. ती फक्त वेळेबद्दल बोलते. मधल्या काळात वस्तूने काय केले, कुठे रेंगाळली, कुठे धावली, कोणत्या बलाने वळली, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. पृथ्वीचे सूर्याभोवती फिरणे, निवांत बसलेल्या माणसाचे हृदय, घड्याळाचा सेकंदकाटा, शिलाई मशीनची सुई, सारख्या वेगाने फिरणारे जाते हे सगळे या व्याख्येत बसते.

त्यातला एक गट आंदोलित गतीचा. इथे वस्तू एका ठरावीक जागेच्या दोन्ही बाजूंना ये-जा करते. मशीनची सुई आंदोलित आहे. जात्याचा खुंटा नाही, कारण तो गोल फिरतो, मागे वळत नाही. म्हणजे नियतकालिक असूनही आंदोलित नसलेली गती असते, इतके तरी जात्यापाशीच ठरले.

आंदोलित गतींमध्येही आणखी एक लहान गट आहे आणि ही पुस्तिका त्याचीच. दुकानात टांगलेला स्प्रिंगचा काटा घ्या. आकड्याला वजन लावले की स्प्रिंग ताणते आणि वजन एका जागी स्थिरावते. ते मध्यस्थान. आता वजन 1 सेंटिमीटर खाली ओढून धरा. स्प्रिंग हाताला वर ओढते. 2 सेंटिमीटर ओढा, ओढ दुप्पट होते. 3 सेंटिमीटर ओढा, तिप्पट. वजन मध्यस्थानाच्या वर ढकलले तर हीच ओढ त्याच हिशेबाने खाली लागते. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने 1678 साली स्प्रिंगचा हा नियम छापला: जितका ताण, तितके बल. वजन सोडून दिले की ते वर-खाली आंदोलू लागते, आणि तीच सरल हरात्मक गती. मध्यस्थानाकडे ओढणारे बल मध्यस्थानापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असणे, ही तिची एकच अट. अंतर दुप्पट तर ओढ दुप्पट. बाकी सगळे गुण या अटीतून आपोआप येतात.

त्यातला सर्वांत नवलाचा गुण हा की, वजन थोडे ओढून सोडा की जास्त, एका आंदोलनाला लागणारा वेळ बदलत नाही. लांब ओढले तर जायचे अंतर वाढते, पण ओढही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून वेगही वाढतो आणि हिशेब बरोबर मिटतो. दोलनकाल काढायला स्प्रिंगचा ताठरपणाही मोजावा लागत नाही. वजनाने स्प्रिंग 5 सेंटिमीटर ताणली असेल तर त्या वजनाचे एक आंदोलन 5 सेंटिमीटर लांबीच्या लंबकाइतक्याच वेळात होते, म्हणजे सुमारे 0.45 सेकंदात. 10 आंदोलनांना साडेचार सेकंद. स्प्रिंगचे स्वतःचे वजन फार नसेल तर मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे पडताळून पाहता येते.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण. फरशीवर टप्पे खाणारा चेंडू घ्या आणि घटकाभर धरून चाला की तो दर टप्प्याला तितकाच वर येतो. त्याची गती नियतकालिक झाली, वर-खाली होते म्हणून आंदोलितही म्हणता येईल. सरल हरात्मक मात्र ती अजिबात नाही. हवेत असताना चेंडूला खाली ओढणारे बल, म्हणजे त्याचे वजन, उंचीप्रमाणे वाढत नाही. 25 सेंटिमीटरवर आणि 1 मीटरवर ते तेवढेच असते. त्यामुळे वेळेचा हिशेब बिघडतो. 1 मीटर उंचीवरून पडून तितकाच वर यायला चेंडूला साधारण 0.9 सेकंद लागतात, तर 25 सेंटिमीटरसाठी त्याच्या निम्मे, 0.45 सेकंद. उंची पावपट केली की वेळ निम्मा. म्हणजे झेप किती आहे, यावर वेळ अवलंबून राहिला. जिथे असे होते तिथे सरल हरात्मक गती नाही, असे बिनदिक्कत सांगावे.

इथे हुशार विद्यार्थी उलटे टोक पकडतो: वेळ बदलला नाही तर गती सरल हरात्मक ठरली का? नाही. वजनाला डावीकडे एक मऊ आणि उजवीकडे एक ताठर स्प्रिंग अशी लावा की डावीकडे गेल्यावर फक्त पहिली आणि उजवीकडे गेल्यावर फक्त दुसरी ओढेल. डाव्या अर्ध्या फेरीला ठरावीक वेळ लागेल, उजव्या अर्ध्या फेरीला दुसरा ठरावीक वेळ. दोन्ही वेळ आयामावर, म्हणजे वजन किती ओढून सोडले यावर, अवलंबून नाहीत, म्हणून बेरीजही नाही. तरीही ही गती सरल हरात्मक नाही, कारण डावीकडे जायला एक हिशेब आणि उजवीकडे दुसरा. तेव्हा वेळेची कसोटी नापास करायला पुरते, पास करायला पुरत नाही. पास करायचे तर ओढीचाच हिशेब बघावा लागतो.

पुस्तिकेचे दुसरे प्रकरण जात्याचे आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, आणि जनाबाई म्हटले की जाते डोळ्यांसमोर येते. म्हणून या भागात तरी हा प्रयोग कुणाला परका वाटू नये. पूर्वेच्या दारातून सकाळचे कोवळे ऊन आत येते, तेव्हा जाते अशा जागी ठेवावे की खुंट्याची सावली समोरच्या भिंतीवर पडेल. एकाने जाते सारख्या गतीने फिरवावे, दुसऱ्याने भिंतीकडे पाहावे. खुंटा गोल फिरतो आहे, पण भिंतीवरची सावली गोल फिरत नाही. ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नुसती सरकते. मध्यावर भरभर जाते, टोकाशी मंदावते, क्षणभर थबकते आणि मागे वळते.

खुंटा मध्यापासून 15 सेंटिमीटरवर आहे आणि जाते मिनिटाला 30 फेरे घेते असे धरू. एक फेरा 2 सेकंदांचा. त्या फेऱ्याचे 12 सारखे भाग करा. सावली मध्यावरून निघाल्यापासून पहिल्या भागात 7.5 सेंटिमीटर जाते, दुसऱ्या भागात 5.5 आणि तिसऱ्या भागात फक्त 2. वेळ तेवढाच, अंतर मात्र घटत जाते. मध्यावर सावलीचा वेग सेकंदाला सुमारे 47 सेंटिमीटर असतो आणि टोकाला शून्य. वेग कुठे किती झपाट्याने बदलतो हे तपासले तर तो बदल मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणातच निघतो. स्प्रिंगच्या काट्याचा तो नियम इथे, स्प्रिंग नसताना, भिंतीवर उमटलेला असतो. खुंट्याची गती नियतकालिक, पण सरल हरात्मक नाही. त्याच्या सावलीची गती सरल हरात्मक. वस्तू एक, फेरा एक, वेळ एक, तरी जात वेगळी. दळताना हात कुठे जोर देतो, कुठे सैलावतो, तेवढा फरक सावलीतही उतरेल. म्हणून जाते रिकामे आणि सारखे फिरवावे.

या सावलीचा हिशेब भारतात फार जुना आहे, फक्त तो सावलीसाठी केलेला नव्हता. आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, मांडल्या. काटकोनाचे 24 भाग आणि 3438 कलांची त्रिज्या धरून त्याने एकेका भागाला ज्या कितीने वाढते ते दिले: 225, 224, 222, 219, 215, 210 असे उतरत शेवटचा आकडा 7. आता या आकड्यांतला फरक पाहा. सुरुवातीला 1, 2, 3, मग 4, 5, आणि शेवटाकडे 14, 15. ज्या मोठी होत जाते तसतसा हा फरकही मोठा होतो, आणि तो ज्येच्या प्रमाणात वाढतो, हा नियमही आर्यभटानेच दिला. अंतराच्या प्रमाणात वेगातला बदल, असेच आपण सरल हरात्मक गतीबद्दल म्हणतो. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ 1150 चा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 च्या शिलालेखामुळे त्यांच्या घराण्याचे नाव खानदेशाशी कायमचे जोडले गेले आहे. ग्रहाची त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती, काढताना त्यांनी ज्येतला बदल कोटिज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो हे वापरले. आपल्या भाषेत: सावलीचे मध्यापासूनचे अंतर ज्येप्रमाणे, तर तिचा वेग कोटिज्येप्रमाणे. ग्रहगणितासाठी घडवलेले हे हत्यार आंदोलनाला जसेच्या तसे लागू पडते. त्या आचार्यांनी स्प्रिंगचा किंवा लंबकाचा अभ्यास केला होता, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

झोक्याचे प्रकरण सर्वांत लांब झाले, आणि ते तसेच हवे होते. झोका सरल हरात्मक आहे की नाही, हा प्रश्न परीक्षेत एका ओळीत सुटतो. झोक्यावर बसल्यावर सुटत नाही. पंचमीला लिंबाच्या फांदीला 4 मीटर लांब झोका बांधला आणि हळू सोडला, तर एका येरझाऱ्याला सुमारे 4 सेकंद लागतात. 10 झोक्यांना 40 सेकंद. आता झोका उंच जाऊ द्या, दोर उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत. गणित सांगते की आता एका झोक्याला 4.3 सेकंद लागतील. झोका त्याच उंचीवर राखला तर 10 झोक्यांना 43 सेकंद. 3 सेकंदांचा फरक हातातल्या घड्याळावरही दिसतो.

हा फरक येतो कारण झोक्याला मध्याकडे ओढणारे बल कोनाच्या प्रमाणात नसते, कोनाच्या ज्येच्या प्रमाणात असते. कोन लहान असेपर्यंत दोन्ही जवळजवळ सारखेच. 10 अंशांना त्यांच्यात अर्धा टक्काच फरक असतो. 60 अंशांना ओढ हवी त्यापेक्षा 17 टक्के कमी पडते. ओढ कमी, म्हणून परत यायला उशीर. दोर आडवा होईपर्यंत, म्हणजे 90 अंशांपर्यंत, दोलक नेला तर दोलनकाल 18 टक्क्यांनी वाढतो. तेव्हा झोका सदैव नियतकालिक आणि आंदोलित, पण सरल हरात्मक लहान कोनापुरताच, आणि तेही जवळजवळ. ‘लहान कोन’ हे शब्द पुस्तकात शोभेसाठी छापलेले नसतात.

गॅलिलिओने 1602 च्या एका पत्रात लंबकाचा वेळ झोक्याच्या मोठेपणावर अवलंबून नसतो असे लिहिले होते. लहान झोक्यांपुरते ते बरोबर होते, मोठ्यांना त्याने ते उगाच लावले. हॉलंडच्या क्रिस्तिआन हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचे घड्याळ बनवले आणि हीच अडचण त्याला नडली. लंबक वर्तुळाच्या चापावर न झुलता कोणत्या वक्रावर झुलला तर वेळ कधीच बदलणार नाही, हे त्याने शोधून काढले आणि 1673 च्या ग्रंथात सिद्ध केले. तो वक्र म्हणजे चक्रज, सरळ रस्त्यावर लोळत जाणाऱ्या चाकाच्या परिघावरचा एक बिंदू जो रेखतो तो. प्रत्यक्षात घड्याळे करणाऱ्यांनी सोपा मार्ग धरला: लंबक फार झुलूच द्यायचा नाही. जुन्या भिंतीवरच्या घड्याळातला लंबक थोडक्याच कोनात झुलतो, त्याचे कारण हेच.

दिसायला सरल हरात्मक आणि असायला नाही, याचे सर्वांत चांगले उदाहरण विहिरीवरचे डिझेल इंजिन. पिस्टन सिलिंडरमध्ये सारख्या वेळाने वर-खाली होतो, फ्लायव्हील एका वेगाने फिरते, क्रँक गोल जातो. जात्याच्या सावलीसारखेच वाटते. पण क्रँक आणि पिस्टन यांच्यामध्ये कनेक्टिंग रॉड आहे आणि तो तिरका होतो. पिस्टनची पूर्ण चाल 10 सेंटिमीटर आणि रॉड 20 सेंटिमीटर लांब असेल, तर क्रँकने वरच्या टोकापासून पाव फेरा घेतला तेव्हा पिस्टन बरोबर मध्यावर नसतो, मध्य ओलांडून 6 मिलिमीटरहून थोडा अधिक खाली गेलेला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वरच्या टोकाला पिस्टनला वळवायला जे बल लागते ते खालच्या टोकाच्या बलाच्या तुलनेत 5 ला 3 असे असते. सरल हरात्मक गतीत दोन्ही टोकांना ते सारखे असायला हवे. रॉड जितका लांब, तितका हा फरक कमी. इंजिन धडधडते त्यामागे हाही एक भाग आहे, आणि इंजिन घडवणाऱ्यांना तो हिशेबात धरावाच लागतो. परीक्षेत कुणी पिस्टनला सरल हरात्मक लिहिले तर गुण मिळतीलही. कारखान्यात चालणार नाही.

इतके फरक वाचल्यावर वाचक विचारेल की, तंतोतंत सरल हरात्मक गती इतकी दुर्मीळ असेल तर तिचे एवढे कौतुक कशाला? याला दोन उत्तरे आहेत आणि पुस्तिकेचा उत्तरार्ध त्यांवर उभा आहे.

पहिले उत्तर असे. एखादी वस्तू स्थिर बसली असेल आणि तिला किंचित हलवले, तर बहुतेक वेळा तिला परत ओढणारे बल त्या किंचित अंतराच्या प्रमाणातच असते. दरीचा तळ कसाही वाकडातिकडा असो, तळाच्या अगदी जवळ गेले की तो कढईसारखा गोलसर दिसतो. म्हणून लहान हलण्यापुरता लंबक, पूल, इमारत, स्फटिकातला अणू, सगळ्यांना हेच एक गणित पुरते. तळ टोकदार असेल, चेंडूच्या उदाहरणातल्या फरशीसारखा, तर मात्र हे लागू नाही.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे. कोणतीही नियतकालिक गती, मग ती कितीही वाकडी असो, सरल हरात्मक गतींची बेरीज म्हणून लिहिता येते. फ्रान्सच्या जोसेफ फुरियेने उष्णतेवरच्या 1822 च्या ग्रंथात ही रीत मांडली. तिचा पुरावा कानांनी ऐकायचा तर तंबोरा घ्यावा. तंबोरा म्हटले की मिरज. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. तंबोऱ्याची तार छेडली की तिची गती नियतकालिक असते, पण सरल हरात्मक नसते. षड्ज सेकंदाला 130 कंपनांचा लावला, तर त्याच तारेत 260, 390, 520, 650 कंपनांच्या गतीही एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक गती आपल्यापुरती सरल हरात्मक, आणि त्यांची बेरीज 130 च्याच हिशेबाने पुन्हापुन्हा येते. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावली की वरच्या कंपनांना बळ मिळते. त्यातले पाचवे, 650 चे, म्हणजे गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो. गंधाराची तार कुणी लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो.

हलगीचे असे नाही. साध्या ताणलेल्या गोल कातड्याच्या कंपनांचे प्रमाण गणिताने 1, 1.59, 2.14 असे येते. त्यांतली प्रत्येक गती स्वतंत्रपणे सरल हरात्मक आहे, पण प्रमाण पूर्णांकांत नसल्यामुळे बेरीज ठरावीक वेळाने पुन्हा तशीच येत नाही, म्हणजे ती नियतकालिकच नाही. म्हणून हलगी कडाडते, सुरात लागत नाही. देवळातल्या घंटेचेही बरेचसे असेच. तबल्याच्या पुडीवर शाई का चढवतात याचे उत्तर इथे मिळते: तिच्या वजनामुळे ही प्रमाणे 1, 2, 3 अशा पूर्णांकांजवळ येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिले.

हीच बेरीज मुंबईच्या किनाऱ्यावर रोज दोनदा दिसते. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीचा मुख्य भाग 12 तास 25 मिनिटांचा, सूर्यामुळे येणारा 12 तासांचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही जुळतात आणि उधाण येते; अष्टमीच्या आसपास एकमेकांना मारतात आणि भांगाची भरती येते. असे आणखी कितीतरी भाग मिळवले की भरतीची वेळ आणि उंची आधीच सांगता येते. लॉर्ड केल्व्हिन यांनी 1870 च्या दशकात हा हिशेब करणारे यंत्र काढले, आणि 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांनी खास भारतीय बंदरांच्या भरतीसाठी 20 भागांचे असेच एक यंत्र करवून घेतले. त्यातले एकेक चाक एकेका सरल हरात्मक गतीने कप्पी वर-खाली करी, साऱ्या कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी त्यांची बेरीज करी आणि लेखणी कागदावर भरतीचा वक्र काढी. समुद्राची गती सरल नाही. पण ती सरल गतींची बनलेली आहे, एवढे कळल्यावर ती सांगता येते.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटच्या प्रकरणात सूत्रे ओळखण्याचा सराव दिला आहे. वारंवारता एकच असलेल्या दोन सरल हरात्मक गतींची एका रेषेतली बेरीज सरल हरात्मकच राहते. एकीची वारंवारता दुसरीच्या दुप्पट असेल तर बेरीज नियतकालिक राहते, सरल हरात्मक राहत नाही. वारंवारतांचे गुणोत्तर अपरिमेय असेल तर बेरीज नियतकालिकही राहत नाही. ज्येचा वर्ग दिसला की मुले घाबरतात. तो मात्र सरल हरात्मकच निघतो, फक्त मध्यस्थान सरकते आणि वारंवारता दुप्पट होते. ज्येचा घन नियतकालिक असतो, सरल हरात्मक नाही.

या पुस्तिकेत जवळजवळ सगळीकडे घर्षण बाजूला ठेवले आहे. खरा झोका थांबतो, खरी तार निमते, खरा चेंडू थंडावतो. अशी हळूहळू क्षीण होत जाणारी गती काटेकोरपणे नियतकालिकही नसते, कारण ती नेमकी त्याच स्थितीत परत येत नाही. ते सगळे मान्य करून आधी स्वच्छ गणित शिकावे, मग घर्षण त्यात मिळवावे, हा क्रम धरला आहे.

शिक्षकांना एक विनंती. हा विषय शिकवताना व्याख्या फळ्यावर शेवटी लिहा. आधी वर्गात दोर, दगड, स्प्रिंग आणि घड्याळ येऊ द्या, आणि प्रत्येक गतीला तीन प्रश्न विचारायला लावा. ती ठरावीक वेळाने परत येते का? एका मध्यस्थानाच्या दोन्ही बाजूंना येते-जाते का? आणि मध्यस्थानापासून दुप्पट दूर गेल्यावर तिला परत आणणारी ओढ दोन्ही बाजूंना एकाच हिशेबाने दुप्पट होते का? पहिल्या प्रश्नाला होकार आला तर गती नियतकालिक, पहिल्या दोहोंना आला तर आंदोलित, आणि तिन्हींना आला तरच सरल हरात्मक. विद्यार्थ्यांनो, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजल्याशिवाय लिहू नका.

राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी